झाकणापासून बटणापर्यंत : वसईचा किल्ला आणि कॅमेऱ्याची कळ

१.
वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चच्या दारावर एक पोर्तुगीज शिलालेख आहे. १६०१ साली, आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या कारकिर्दीत, हे चर्च नव्याने बांधले गेले, असे तो सांगतो. चार शतके खारा वारा आणि कोकणचा पाऊस सोसलेला हा दगड आहे. त्याचे छायाचित्र घेताना कॅमेरा केसभर जरी हलला, तरी अक्षरांच्या कडा विरघळतात आणि इतिहासाचा एक पुरावा धूसर होतो. कॅमेरा हलवतो कोण? बहुतेक वेळा, कळ दाबणारे बोटच.

२.
बोट आणि कॅमेरा यांच्यामध्ये काहीतरी असावे, ही गरज छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. त्या गरजेतून रबरी फुगा आला, पोलादी तार आली, विजेची कळ आली. आजही ट्रायपॉड लावून उभ्या असलेल्या तरुण छायाचित्रकारापुढे प्रश्न तोच असतो : यांत्रिक केबल रिलीज घ्यावी, की इलेक्ट्रॉनिक रिमोट? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही प्रकरणे थेट महाराष्ट्रात घडली आहेत.

३.
प्रारंभ मुंबईपासून. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी एक. युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. पुढे १८६४ साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईला भिडला. जड पेटारे, काचा आणि रसायने घेऊन वसईच्या भग्नावशेषांपर्यंत पोहोचणे त्यामुळे आवाक्यात आले.

४.
१८७६ साली मुंबईत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय : चौल आणि वसई यांचा इतिहास व पुरावशेष. कर्ते डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा. मूळचे गोव्यातील आरपोऱ्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे, नाणेशास्त्राचे आणि इतिहासाचे व्यासंगी. वसईतील चर्च, मठ, तट आणि शिलालेख यांचे तपशीलवार वर्णन त्यांनी केले. विशेष म्हणजे या ग्रंथात शिळाछापाची चित्रे आणि नकाशा यांच्या जोडीला छायाचित्रेही होती. भग्न वास्तूंची साक्ष शब्दांबरोबर प्रकाशानेही द्यावी, हा विचार पश्चिम भारतात तेव्हा रुजू लागला होता.

५.
त्या काळच्या कॅमेऱ्याला कळ नव्हती, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी सांगितलेली ओल्या कलोडियनची पद्धत १८७०च्या दशकातही सर्वत्र चालू होती. काचेवर चिकट कलोडियन पसरायचे, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती काच बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र घेऊन झाले की लगेच अंधाऱ्या तंबूत ती धुवायची. सारे काम दहा-पंधरा मिनिटांत. उन्हाळ्याच्या दिवसांत काच त्याहूनही लवकर वाळे आणि वाळली की निकामी होई.

६.
अशा काचेला प्रकाश पुष्कळ लागे. भर उन्हातही काही सेकंद. म्हणून कळीची आवश्यकताच नव्हती. छायाचित्रकार भिंगावरचे झाकण अलगद काढी, मनात आकडे मोजी आणि झाकण पुन्हा बसवी. त्या काळचे ‘शटर’ म्हणजे हेच झाकण आणि त्याची ‘कळ’ म्हणजे माणसाचे मनगट. झाकण काढताना कॅमेऱ्याला धक्का बसला, तरी अनेक सेकंदांच्या प्रकाशापुढे क्षणभराची थरथर नगण्य ठरे. संथपणा हेच त्या तंत्राचे स्थैर्य होते. वसईचे मनोरे या कामी आदर्श. ते हलत नसत.

७.
हे संथपण संपले ते कोरड्या काचेमुळे. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या थराची कल्पना मांडली. १८७८ साली चार्ल्स बेनेट यांनी त्या थराची प्रकाशग्रहणशक्ती कमालीची वाढवण्याची रीत सांगितली. आता सेकंदाचा अंशही पुरेसा होऊ लागला. मात्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागात झाकण काढून परत बसवणे मानवी हाताला अशक्य. हाताची जागा यंत्राने घेतली आणि भिंगामागे वा भिंगापुढे उघडझाप करणारा पडदा आला. पडदा आला, तशी त्याला सोडणारी कळही आली.

८.
येथे एक समज दुरुस्त करायला हवा. यांत्रिक कळ जुनी आणि विजेची कळ आधुनिक, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची चित्रे घेतली, ती विजेच्या साहाय्याने. धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडले होते. घोडा पुढे सरकताना मार्गावर ताणलेले दोरे ओढले जात, विद्युतमंडल पूर्ण होई आणि विद्युतचुंबक एकेका कॅमेऱ्याचा पडदा सोडी. म्हणजे विजेची कळ आज सर्वपरिचित असलेल्या केबल रिलीजच्याही आधीची आहे.

९.
तरीही पुढची शंभर वर्षे विजेची कळ सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाही. कारण सरळ होते : त्या काळचे विद्युतघट जड, गळके आणि खर्चिक. त्याऐवजी रूढ झाला रबरी फुगा. मँचेस्टरच्या थॉर्नटन-पिकार्ड या कंपनीचे गुंडाळपडद्याचे शटर १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. दोरी ओढून पडदा सज्ज करायचा आणि लांब नळीच्या टोकाचा फुगा दाबायचा. नळीतील हवा पडदा सोडी. फुगा दाबून धरला तर पडदा उघडा राही. आजच्या अत्याधुनिक कॅमेऱ्यावरही ‘बी’ हे अक्षर असते. ते याच ‘बल्ब’चे, म्हणजे रबरी फुग्याचे.

१०.
फुग्याचे दोष लवकरच ध्यानात आले. रबर उष्णतेत चिकट होते, कालांतराने तडकते आणि नळीला बारीकसे छिद्र पडले तरी हवेचा जोर संपतो. दमट हवामानात ही साधने फार टिकत नसत. शिवाय फुगा दाबल्यापासून पडदा सुटेपर्यंत किंचित विलंब होई. तो किती, हे फुगा कोणत्या जोराने दाबला यावर अवलंबून असे. क्षण नेमका पकडायचा असेल, तर हा विलंब खर्चाचा ठरे.

११.
क्षण किती मोलाचा असतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून देशावर गेला. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर यांनी तळ ठोकला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल आले आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नाएगमवाला हेही तेथेच आले. कॅम्बेल यांच्यापाशी ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. खग्रास अवस्था मात्र होती जेमतेम दोन मिनिटांची.

१२.
दोन मिनिटांत काचा बदलायच्या, प्रत्येक काचेला ठरलेले सेकंद द्यायचे आणि एकही धक्का लागू द्यायचा नाही. विजयदुर्गावर लॉकयर यांच्या मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी होते. अशा मोहिमांत ग्रहणापूर्वी कवायतीसारख्या तालमी होत : कोणी सेकंद पुकारायचे, कोणी भिंग उघडायचे, कोणी काच सरकवायची. आज एक छोटासा नियंत्रक जे काम निमूटपणे करतो, त्यासाठी तेव्हा माणसांची शिस्तबद्ध तुकडी लागे.

१३.
जाता जाता आणखी एक दुरुस्ती. ‘लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला’ असे पुष्कळदा वाचनात येते. तसे घडले नाही. १८ ऑगस्ट १८६८चे ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून पाहिले. लॉकयर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटाचा वेध घेतला. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ मध्ये. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. फक्त ते योग्य तारखेला लागू होते.

१४.
ग्रहणाच्या दोन वर्षे आधी, १८९६ साली, अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी एका तारेचे पेटंट घेतले होते. वेटोळ्यांच्या लवचिक आवरणातून सरकणारी पोलादी तार, एवढीच ती युक्ती. एका टोकाला दिलेला दाब वा ताण दुसऱ्या टोकाला, वाटेत कितीही वळणे असोत, जसाच्या तसा पोहोचतो. सायकलच्या ब्रेकसाठी ती प्रसिद्ध झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॅमेऱ्यावर आली. हीच केबल रिलीज. टोकाला निमुळते आटे, मध्ये बारीक दट्ट्या. ना रबर, ना हवा, ना वीज. फुग्याचा काळ ओसरला.

१५.
याच सुमारास महाराष्ट्रात ‘कळ किती वेळा आणि किती अंतराने दाबायची’ या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रकार होते आणि पुढे पुरातत्त्व खात्यातही त्यांनी नकाशाकार व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर, भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली : ‘अंकुराची वाढ’.

१६.
हाताने दांडी फिरवून चालणारा तो कॅमेरा. कित्येक दिवस, ठरावीक अंतराने, एकेक चित्र घ्यायचे. मध्ये कॅमेरा हलवायचा नाही, रोपही नाही. पुढे ही चित्रे सलग दाखवली, तेव्हा प्रेक्षकांसमोर बियातून रोप उगवले. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, तो हाच प्रकार. आता त्यासाठी इंटरव्हॅलोमीटर नावाची इलेक्ट्रॉनिक कळ मिळते. तिला अंतर आणि संख्या सांगितली की काम संपले. फाळक्यांचा इंटरव्हॅलोमीटर म्हणजे त्यांचा स्वतःचा संयम.

१७.
केबल रिलीजचे राज्य विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत अबाधित राहिले. मग कॅमेऱ्याच्या आतच वीज शिरली. १९७६ सालच्या कॅनन एई-१ मध्ये सूक्ष्म संगणक-चकती बसवलेली होती आणि पडदा विद्युतचुंबकाने सुटे. गंमत अशी, की त्याच्या बटणावर जुन्या केबलसाठी आटे होतेच. बाहेरून तार, आतून वीज, असा तो संधिकाल. मात्र सेल संपला की हा कॅमेरा मुका होई; मग केबल कितीही दाबली तरी व्यर्थ.

१८.
या भीतीची दखल उत्पादकांनीही घेतली. निकॉनच्या १९८० सालच्या एफ-३ मध्ये पडदा इलेक्ट्रॉनिक होता. तरी सेल संपल्यास हाताने चालवायची एक आपत्कालीन खिट्टी पुढच्या बाजूस दिलेली होती. १९८२ साली आलेल्या एफएम-२ चा पडदा तर पूर्णपणे यांत्रिक. सेल लागे तो केवळ प्रकाशमापनापुरता. डोंगरदऱ्यांत, विजेपासून दूर काम करणाऱ्या छायाचित्रकारांनी तो दीर्घकाळ जवळ बाळगला, याचे कारण हेच.

१९.
पुढे स्वयंचलित फोकस आला आणि केबलचे आटे बहुतेक कॅमेऱ्यांवरून नाहीसे झाले. त्यांची जागा घेतली छोट्या खाचांनी. इलेक्ट्रॉनिक रिमोटचे अंतरंग मात्र अगदी साधे आहे : दोन पायऱ्यांचा एक स्विच. अर्धवट दाबला की एक मंडल पूर्ण होते आणि कॅमेरा फोकस व प्रकाश मोजतो. पूर्ण दाबला की दुसरे मंडल पूर्ण होते आणि पडदा सुटतो. मायब्रिजच्या धावपट्टीवरील दोरे आणि आजची ही बोटभर वस्तू, दोघांचे मूळ तत्त्व एकच.

२०.
मात्र येथे एक हानीही झाली. केबल रिलीजचे आटे जवळजवळ सर्व कंपन्यांना समान होते. आजोबांची तार नातवाच्या कॅमेऱ्याला बसे. इलेक्ट्रॉनिक खाचा कंपनीगणिक निराळ्या आणि कॅननसारख्या एकाच कंपनीच्या लहानमोठ्या कॅमेऱ्यांवरही भिन्न. कॅमेरा बदलला की रिमोटही बदलायचा. म्हणूनच फुजीफिल्मने २०११ साली एक्स-१०० वर आणि निकॉनने २०१३ साली डीएफ वर जुने आटे पुन्हा दिले, तेव्हा त्या निर्णयात केवळ जुन्याची हौस नव्हती. शतकभर चाललेल्या एका समान मापाची ती आठवण होती.

२१.
आता पुन्हा वसईत. दारावरचा तो लेख वाचता यावा असे छायाचित्र हवे असेल, तर सकाळचा वा सायंकाळचा तिरपा प्रकाश लागतो. खोदीव अक्षरांत सावली तेव्हाच साठते. प्रकाश मंद, भिंगाचे छिद्र लहान, दृश्य दूरचे. म्हणजे पडदा सेकंदाच्या काही अंशापर्यंत वा त्याहून अधिक काळ उघडा. कॅमेऱ्याला धक्का सर्वाधिक बाधतो तो नेमक्या याच टप्प्यात. मनोऱ्याच्या अंधाऱ्या जिन्यात किंवा फ्रान्सिस्कन चर्चमधील थडग्यांच्या शिळांवर काम करतानाही तीच स्थिती.

२२.
यांत्रिक केबल येथे कधी सरस ठरते? कॅमेऱ्याला आटे असतील तेव्हा. सेल वाचवायचा असेल तेव्हा. आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर दीर्घ एक्स्पोजर द्यायचे असेल तेव्हा. तिच्या टोकाचा स्क्रू आवळला की पडदा मिनिटभर उघडा राहतो आणि बोट मोकळे. एक पथ्य मात्र पाळावे लागते : तार ताठ ठेवायची नाही. सैल वळण असेल तरच हाताची थरथर वाटेत जिरते; ताठ तार ती थेट कॅमेऱ्यापर्यंत नेते आणि मग बोटाने दाबणे व तारेने दाबणे यांत फरक उरत नाही.

२३.
इलेक्ट्रॉनिक रिमोट कधी? छायाचित्रकाराला कॅमेऱ्यापासून दूर उभे राहायचे असेल तेव्हा. मिठागरांत उतरलेल्या पक्ष्यांसमोर माणूस दिसला की थवा उडतो. तेथे दोन हातांची तार काय कामाची? ठरावीक अंतराने शेकडो चित्रे हवी असतील तेव्हाही. फाळक्यांच्या रोपासारखेच भरती-ओहोटीचे, ढगांचे वा ताऱ्यांचे चित्रण करताना तिला पर्याय नाही. तिचे शत्रू दोन : संपलेला सेल आणि खारी हवा. समुद्राकाठी धातूच्या जोडांवर गंज चढतो आणि मंडल पूर्ण होत नाही. यांत्रिक तारही गंजतेच. पण तिचा बिघाड निदान हाताला जाणवतो.

२४.
ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत, त्याच्यासाठी तिसरा मार्ग आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मोफत असतो : दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर. बोट बाजूला झाल्यावर थरथर विरते आणि मगच पडदा सुटतो. स्थिर दगडासाठी हे पुरेसे आहे. क्षण पकडायचा असेल तर मात्र नाही. उडणारा पक्षी वा झाकोळणारा सूर्य दोन सेकंद थांबत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा उचलला जाण्याचा झटकाही असतो. दीर्घ एक्स्पोजरला आरसा आधीच वर करून घेण्याची सोय वापरावी. कळ कितीही उत्तम असली तरी हा आतला धक्का तिला थोपवता येत नाही.

२५.
एकंदर हिशेब असा : निवड जुने-नवे यांच्यात नसून समोरच्या विषयात आहे. विषय स्थिर आणि छायाचित्रकार जवळ असेल, तर तार. विषय चंचल, दूरचा किंवा वारंवार टिपायचा असेल, तर वीज. आणि मुक्काम लांबचा असेल, तर शक्य तेथे दोन्ही. कारण १८९८ च्या दोन मिनिटांसारखे प्रसंग साधन नादुरुस्त आहे म्हणून पुन्हा येत नाहीत.

२६.
मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतलेला हा किल्ला आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरी दगड झिजतो, चुना सुटतो, वडाची मुळे भिंतीत शिरतात. १८७६ च्या ग्रंथातील छायाचित्रे आज पुरावा ठरतात, कारण कोणीतरी तेव्हा ओली काच सांभाळत, श्वास रोखून सेकंद मोजले. आज वसई, अर्नाळा वा सोपाऱ्यात घेतलेले निश्चल, स्पष्ट आणि तारीख-ठिकाण नोंदवलेले छायाचित्र आणखी दीडशे वर्षांनी तेच काम करील. ते तारेने घेतले की विजेने, हे तेव्हा कोणी विचारणार नाही. दारावरची अक्षरे वाचता येतात की नाही, एवढेच पाहिले जाईल.